अपघात अणुभट्टीत झाला, दुभंगलं मात्र गाव! फुकुशिमात नेमकं काय घडलं?

जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाचा विषय निघाला की आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात 'फुकुशिमा' हे नाव हमखास निघतं. व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज येतो, "तिथं लाखो माणसं मेली." लगेच दुसरा येतो, "किरणांनी एकही माणूस मेला नाही, उगाच घाबरवतात." दोन्ही मेसेज पुढे ढकलले जातात आणि खरं काय ते बाजूलाच राहतं.

खरं काय ते समजून घ्यायचं, तर तिथल्या गावांकडे बघावं लागतं. गावातल्या माणसाचं, त्याच्या गुराढोरांचं, भाताचं, शेजाऱ्याशी असलेल्या संबंधांचं काय झालं? आणि राजधानीत बसलेल्या सरकारचं काय झालं? आज तेच सविस्तर बघू.

प्रकल्प गावात आला कसा?

फुकुशिमा हा जपानच्या ईशान्येकडचा प्रांत. शेती आणि मासेमारीवर जगणारा. समुद्राकाठच्या ओकुमा आणि फुताबा या गावांत पूर्वी हाताला पुरेसं काम नव्हतं. हिवाळ्यात शेती थांबली की घरचा कर्ता पुरुष मजुरीसाठी टोकियोला जायचा. आपल्याकडे कोकणातला चाकरमानी मुंबईला जायचा, तसंच.

१९७१ मध्ये तिथं फुकुशिमा दाईची प्रकल्पाची पहिली अणुभट्टी सुरू झाली. पुढे सहा झाल्या. प्रकल्प टोकियो इलेक्ट्रिक पॉवर म्हणजे 'टेपको' या कंपनीचा. गंमत बघा, ही वीज जायची टोकियोकडे. फुकुशिमाच्या घरात दिवा पेटायचा तो दुसऱ्याच कंपनीच्या विजेवर!

पण पैसा आला. १९७४ मध्ये जपान सरकारने कायदे केले आणि प्रकल्प घेणाऱ्या गावांना मोठं अनुदान सुरू झालं. सभागृहं झाली, रस्ते झाले, पोरं गावातच कामाला लागली. फुताबात मुख्य रस्त्यावर मोठी कमान उभी राहिली, अणुऊर्जेमुळे भविष्य उजळणार असं सांगणारी. तिच्यावरचं घोषवाक्य गावच्याच एका शाळकरी मुलाने लिहिलेलं होतं.

अनुदानाची एक खोड असते. सुरुवातीला भरपूर येतं, मग कमी होत जातं. खर्च मात्र वाढलेलाच राहतो. म्हणून १९९१ मध्ये फुताबाच्या पंचायतीने स्वतःहून आणखी दोन अणुभट्ट्यांची मागणी केली. गाव प्रकल्पावर किती अवलंबून होतं, ते यावरून कळतं.

त्या दिवशी काय झालं?

११ मार्च २०११, शुक्रवार. जपानमध्ये दुपारचे पावणेतीन, आपल्याकडे सकाळचे सव्वाअकरा. समुद्राखाली ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. भूकंप होताच चालू असलेल्या तिन्ही अणुभट्ट्या आपोआप बंद पडल्या. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे झालं.

पण अणुभट्टी बंद केली तरी आतलं इंधन तापलेलंच राहतं. चुलीतली लाकडं ओढली तरी निखारे धगधगतात, तसं समजा. फरक एवढाच, की हे निखारे पाणी ओतून एकदा विझवले म्हणून भागत नाही. त्यांच्यावर सतत पाणी फिरवावं लागतं आणि पाणी फिरवायला वीज लागते. भूकंपाने बाहेरची वीज गेली होती, म्हणून डिझेल जनरेटर सुरू झाले. पाऊण तासाने सुमारे १४ ते १५ मीटर उंचीची त्सुनामी आली, तळघरातले जनरेटर बुडाले आणि पंप थांबले.

तिन्ही अणुभट्ट्यांमधलं इंधन वितळलं. हायड्रोजन वायू साठून इमारतींचे स्फोट झाले. हा अणुबॉम्बचा स्फोट नव्हता. पण त्यातून किरणोत्सारी कण हवेत गेले.

त्सुनामी निसर्गाची होती, मान्य. पण प्रकल्प बांधताना मूळचा ३५ मीटर उंच कडा कापून जमीन १० मीटरवर आणली होती. २००८ मध्ये खुद्द कंपनीच्या हिशोबात १५ मीटरहून उंच लाट येऊ शकते असं निघालं होतं. त्यावर काम झालं नाही. जपानच्या संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाने जुलै २०१२ मध्ये स्पष्ट लिहिलं की हा अपघात मानवनिर्मित आहे. कंपनी आणि तिच्यावर देखरेख ठेवणारं सरकारी खातं एकमेकांच्या सोयीने वागत होते, असा त्याचा निष्कर्ष.

कागदावरचं वर्तुळ आणि खरा वारा

त्या रात्री सरकारने प्रकल्पापासून ३ किलोमीटरच्या आतली माणसं हलवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी १० किलोमीटर, संध्याकाळी २० किलोमीटर. १५ मार्चला २० ते ३० किलोमीटरमधल्या लोकांना सांगितलं, घरातच थांबा, खिडक्या बंद ठेवा.

नकाशावर वर्तुळ काढणं सोपं असतं. वारा काही वर्तुळात वाहत नाही.

नामिए हे साधारण २१ हजार वस्तीचं गाव. तिथली माणसं त्सुशिमा नावाच्या डोंगराकडच्या भागात आसऱ्याला गेली. प्रकल्पापासून लांब, म्हणून सुरक्षित असं वाटलं. नेमका वारा त्याच दिशेला वळला. किरणं कुठं जातील याचा अंदाज देणारी संगणक यंत्रणा सरकारकडे होती, पण तिची माहिती गावाला वेळेत मिळालीच नाही. लोक अनेक दिवस त्याच जागी राहिले, मुलं बाहेर खेळली, उघड्यावर स्वयंपाक झाला.

त्याहून वाईट झालं ईतातेचं. हे साधारण सहा हजार वस्तीचं डोंगरातलं गाव, गोमांसासाठी पाळलेल्या चांगल्या जनावरांबद्दल प्रसिद्ध. प्रकल्पापासून ३० किलोमीटरच्या पलीकडे, गावात प्रकल्पाचा एक रुपया अनुदान नाही. उलट किनाऱ्यावरून पळून आलेल्या लोकांना यांनीच घरात घेतलं, जेवू घातलं. १५ मार्चला पाऊस आणि बर्फ पडला आणि हवेतले कण या गावाच्या शेतात, छपरावर, रानात उतरले. गाव रिकामं करायचा अधिकृत आदेश निघाला २२ एप्रिलला. तोवर महिना उलटून गेला होता.

मग मेलं कोण?

इथं व्हॉट्सअ‍ॅपच्या दोन्ही मेसेजचा निकाल लागतो.

किरणांच्या थेट माऱ्याने लोक पटापट मेले, असं झालं नाही. प्रकल्पावर काम केलेल्या एका कामगाराचा फुप्फुसाच्या कर्करोगाने झालेला मृत्यू सरकारने २०१८ मध्ये किरणांशी जोडून मान्य केला. संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांच्या समितीने रहिवाशांमध्ये किरणांमुळे थेट झालेला आजार आढळला नाही असं म्हटलं आहे. मुलांच्या थायरॉइडची मोठी तपासणी झाली. त्यात ३०० हून अधिक जणांना कर्करोग किंवा त्याचा संशय निघाला. हे किरणांमुळे, की एवढी बारीक तपासणी केली म्हणून सापडलं, यावर वाद आहे. काही तरुण रुग्णांनी २०२२ मध्ये कंपनीला कोर्टात खेचलं आहे.

पण माणसं मेली, हे खरं आहे. फुकुशिमा प्रांतात 'आपत्तीशी संबंधित मृत्यू' म्हणून २,३०० हून अधिक नोंदी झाल्या. प्रांतात लाटेने आणि भूकंपाने थेट मेले, त्यापेक्षा हा आकडा मोठा आहे. यात बहुतेक म्हातारी माणसं. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना बसमध्ये बसवून तासन् तास फिरवलं गेलं. प्रकल्पाजवळच्या एका रुग्णालयातले ४० हून अधिक रुग्ण अशा हलवाहलवीत आणि त्यानंतर दगावले. कुणाचं औषध सुटलं, कुणाला थंडी बाधली, कुणी परक्या ठिकाणच्या दोन खोल्यांत झुरून गेलं. काहींनी आत्महत्या केल्या, त्यात शेतकरीही होते.

म्हणजे किरणांपेक्षा जास्त जीव घाईत आणि तयारीशिवाय केलेल्या स्थलांतराने घेतले. स्थलांतर नको होतं, असा याचा अर्थ नाही. स्थलांतराची तयारी नव्हती, असा आहे.

गुरं, भात आणि मासे

२० किलोमीटरच्या आत साधारण साडेतीन हजार गाईबैल होते. "दोन-तीन दिवसांत परत येऊ" असं समजून लोक निघाले. काहींनी गोठ्यातली दावी सोडली, काहींना तेवढाही वेळ मिळाला नाही. बांधलेली जनावरं जागेवर उपाशी मेली. मे महिन्यात सरकारने उरलेली जनावरं मारून टाकायला सांगितलं. नामिएतल्या एका पशुपालकाने नकार दिला. विकता येणार नाहीत, खाता येणार नाहीत, अशी शेकडो जनावरं त्याने वर्षानुवर्षं नुसती जगवली.

शेतीचं काय केलं? शेतातली वरची साधारण पाच सेंटिमीटर माती खरवडून काढली. ज्या मातीला पिढ्यान् पिढ्या खत घालून कसदार केलं, तीच माती काळ्या पिशव्यांत भरून नेली. अशी सुमारे १ कोटी ४० लाख घनमीटर माती ओकुमा आणि फुताबाच्या १,६०० हेक्टर जागेत साठवली आहे. २०४५ पर्यंत ती प्रांताबाहेर नेऊ, असं सरकारने कायद्यातच लिहून दिलंय. पण ती घ्यायला कोणतं गाव तयार होणार?

भाताची गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. २०१२ पासून फुकुशिमातलं तांदळाचं प्रत्येक पोतं तपासलं गेलं. वर्षाला सुमारे १ कोटी पोती! मर्यादा ठेवली किलोमागे १०० बेक्वेरेल. बेक्वेरेल म्हणजे किरणं मोजायचं माप. २०१५ च्या पिकापासून एकही पोतं मर्यादेबाहेर गेलं नाही. तरीही बाजारात फुकुशिमाचं नाव दिसलं की गिऱ्हाईक हात आखडता घ्यायचं. जपानी लोक याला 'फुह्यो हिगाई' म्हणतात, म्हणजे बोभाट्यामुळे होणारं नुकसान. माल चांगला असूनही भाव पडतो, हे दुखणं आपल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

मासेमारांचं तर दोनदा नुकसान झालं. अपघातानंतर किनाऱ्यालगतची मासेमारी बंद झाली, मग वर्षानुवर्षं प्रायोगिक तत्त्वावर थोडी थोडी सुरू राहिली. वितळलेल्या इंधनाला लागलेलं पाणी प्रक्रिया करून हजाराहून अधिक टाक्यांत साठवत होते. "संबंधितांची समजूत पटल्याशिवाय ते सोडणार नाही" असं २०१५ मध्ये मच्छीमार संघटनेला लेखी दिलं होतं. संघटनेचा विरोध कायम असताना २४ ऑगस्ट २०२३ ला ते समुद्रात सोडायला सुरुवात झाली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ते निकषात बसतं असं सांगितलं, पण चीनने त्याच दिवशी जपानचे सगळे मासे बंद केले.

भरपाई आली आणि शेजारी तुटले

अपघातानंतर दीड लाखाहून अधिक माणसं घराबाहेर पडली. ज्यांना सरकारी आदेशाने गाव सोडावं लागलं, त्यांना मानसिक त्रासाबद्दल माणशी महिना १ लाख येन मिळायला लागले. त्या वेळच्या दराने पन्नास हजारांहून अधिक रुपये. घर आणि जमिनीचे वेगळे.

पुढे सरकारने किरणांच्या मोजमापावरून गावांचे तीन भाग पाडले. कुणाला लवकर परतता येईल, कुणाला उशिरा, कुणाला बहुतेक कधीच नाही. भागाप्रमाणे रक्कम बदलली. आता रेषा रस्त्याच्या मधून गेली तर? रस्त्याच्या अलीकडच्या घराला पूर्ण भरपाई, पलीकडच्याला कमी. वाऱ्याने दोन्ही घरांवर सारखीच धूळ टाकलेली.

जिथं आदेश नव्हता, पण लेकरांच्या काळजीने आया मुलांना घेऊन दुसऱ्या शहरात गेल्या, त्यांना 'स्वेच्छेने गेलेले' ठरवलं. नवरा नोकरीसाठी फुकुशिमात, बायको-मुलं लांब. काही घरं त्यात मोडली. अशा लोकांची मोफत घरं मार्च २०१७ मध्ये बंद झाली.

गावात राहिलेले म्हणायचे, "हे पळून गेले." गेलेले म्हणायचे, "यांना पोरांची काळजी नाही." नव्या शहरात शेजारी कुजबुजायचे, "यांना काय, फुकटचे पैसे मिळतात." काही शाळांत फुकुशिमाच्या मुलांना 'जंतू' म्हणून चिडवलं गेलं. भरपाई मिळाली ना, मग दे, असं म्हणून पैसेही उकळले गेले.

भरपाई हवीच. पण ती कशी वाटली जाते, यावर गाव एकत्र राहणार की फुटणार हे ठरतं.

परत कोण आलं?

२०१४ पासून टप्प्याटप्प्याने गावं उघडली. नामिएचा काही भाग ३१ मार्च २०१७ ला, फुताबाचा थोडा भाग तर ३० ऑगस्ट २०२२ ला. साडेअकरा वर्षांनी! नामिएत २१ हजारांपैकी आज दोन हजारांच्या आसपास वस्ती आहे. फुताबात सात हजारांच्या जागी शे-दोनशे, त्यातही काही नव्याने आलेले. परतले ते बहुतेक म्हातारे. मुलांच्या शाळा, नोकऱ्या, मित्र सगळं दुसरीकडे रुजलं होतं. बंद घरांत रानडुकरांनी संसार थाटला होता.

फुताबाची ती कमानही खाली उतरवली गेली. ज्या मुलाने तिचं वाक्य लिहिलं होतं, तो आता मोठा झाला होता. त्यानेच मागणी केली होती, ती काढू नका, राहू द्या, लोकांना धडा मिळेल.

टोकियोत काय झालं?

तेव्हा पंतप्रधान होते नाओतो कान. अपघात आणखी चिघळला तर २५० किलोमीटरपर्यंत, म्हणजे टोकियोतही लोकांना हलवावं लागेल, अशी वाईटातली वाईट शक्यता त्यांच्यापुढे मांडली गेली होती. मे २०११ मध्ये त्यांनी हामाओका हा दुसरा प्रकल्प बंद करायला लावला. पण मदत आणि माहिती दोन्हींत झालेल्या गोंधळाचं खापर त्यांच्यावर फुटलं आणि ऑगस्टमध्ये ते पायउतार झाले.

अपघाताआधी जपानमध्ये ५४ अणुभट्ट्या होत्या आणि ३० टक्क्यांच्या आसपास वीज त्यांची होती. मे २०१२ मध्ये एकही चालू नव्हती. पंतप्रधानांच्या निवासासमोर दर शुक्रवारी हजारो लोक जमायचे. एरवी मोर्चाला न जाणारे नोकरदार, आया, विद्यार्थी.

आता कुणालाही वाटेल, पुढच्या निवडणुकीत अणुविरोधक निवडून आले असतील. झालं उलटंच! डिसेंबर २०१२ मध्ये शिंझो आबे यांचा लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष ४८० पैकी २९४ जागा घेऊन सत्तेवर आला. दशकानुदशकं अणुवीज आणणारा हाच तो पक्ष. अणुविरोधी मतं बऱ्याच लहान पक्षांत विभागली गेली, मतदान कमी झालं आणि लोकांच्या डोक्यात महागाई आणि नोकरी जास्त होती. बाहेरून महाग गॅस आणून वीज करावी लागत होती.

ऑगस्ट २०१५ मध्ये नव्या नियमांखाली पहिली अणुभट्टी पुन्हा सुरू झाली. २०२४ अखेर १४ झाल्या. २०२५ च्या सरकारी ऊर्जा आराखड्यातून तर 'अणुऊर्जेवरचं अवलंबित्व शक्य तितकं कमी करू' हे वाक्यच गेलं.

कोर्टातही तसंच. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकार भरपाईला जबाबदार नाही असं ठरवलं. मार्च २०२५ मध्ये कंपनीच्या माजी अधिकाऱ्यांची फौजदारी खटल्यातली निर्दोष सुटका कायम झाली.

तरी काहीच बदललं नाही असंही नाही. नवं नियामक मंडळ आलं. आधी ८ ते १० किलोमीटरपर्यंत असलेली आपत्कालीन तयारी ३० किलोमीटरपर्यंत गेली. मार्च २०२१ मध्ये मितो इथल्या कोर्टाने तोकाई प्रकल्प चालवायला मनाई केली. कारण काय, तर ३० किलोमीटरमधल्या नऊ लाखांहून अधिक लोकांना हलवायची धड योजनाच नाही.

दूरच्या जर्मनीत याहून मोठा धक्का बसला. चॅन्सेलर अँजेला मर्केल यांनी २०१० मध्येच अणुभट्ट्यांची मुदत वाढवली होती. फुकुशिमानंतर त्यांनी घूमजाव केलं. तरी दोन आठवड्यांत बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात त्यांच्या पक्षाची ५८ वर्षांची सत्ता गेली आणि हरित पक्षाचा मुख्यमंत्री झाला. जर्मनीतल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या १५ एप्रिल २०२३ ला बंद झाल्या.

आपण काय विचारायचं?

फुकुशिमानंतर साधारण सव्वा महिन्यातच, १८ एप्रिल २०११ ला, आपल्या राजापूर तालुक्यात नाटे इथं जैतापूरविरोधी आंदोलनावर गोळीबार झाला आणि एका आंदोलकाचा जीव गेला. माडबन परिसरात प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या बसवायचा तो प्रस्ताव. बाजूने बोलणारे आहेत, विरोधात बोलणारे आहेत. दोघांचीही मतं ऐकावीत. पण मोठा प्रकल्प कुठलाही असो, अणूचा, रसायनाचा किंवा तेलाचा, फुकुशिमाच्या गावांनी शिकवलेले काही प्रश्न ग्रामसभेत आधीच विचारायला हवेत:

• अपघात झाला तर किती किलोमीटरपर्यंतची योजना आहे? आपलं गाव त्यात बसतं का?
• अंथरुणावरच्या आजी-आजोबांना कुठल्या गाडीने, कुठं नेणार? ड्रायव्हर कोण?
• गोठ्यातल्या जनावरांचं काय?
• मोजमाप करायचं यंत्र ग्रामपंचायतीकडे असणार, की कंपनी सांगेल तेच खरं?
• भरपाईची रेषा कोण आखणार? ती वाडीच्या मधून गेली तर?
• अनुदान संपल्यावर गाव कशावर चालणार?

ही उत्तरं लेखी घ्यावीत. आणि लेखी घेतलेलंही पाळलं जाईल याची खात्री नसते, हे फुकुशिमाच्या मच्छीमारांना विचारा.

नोव्हेंबर २०२४ मध्ये यंत्राच्या हाताने वितळलेल्या इंधनाचा पहिला तुकडा बाहेर काढला. वजन १ ग्रॅमपेक्षा कमी. आत अंदाजे ८८० टन आहे. सरकारं बदलली, धोरण फिरून पूर्वीच्या जागी आलं. फुकुशिमाच्या २० हजारांहून अधिक माणसांच्या नावापुढे मात्र आजही 'विस्थापित' हाच शब्द आहे.